कडेपासून चार बोटं

"ताई, तुम्ही उतरा," बोटवाला म्हणाला. "वजन होतंय."

मी बसले होते. एक पाय आत, एक पाय धक्क्यावर असं काही नव्हतं. चांगली मांडी जुळवून, पर्स मांडीवर घेऊन, लाइफ जॅकेटचे बंद आवळून बसले होते. बोटवाल्याच्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. माल उतरवताना म्हणतात तसं तो म्हणाला. मी आजूबाजूला बघितलं. दादानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो हसला. "अगं उतर ना, पुढच्या फेरीला ये. काय मोठं!" वहिनीनं पाय आत घेतले, मला जायला वाट व्हावी म्हणून. आई पाण्याकडे बघत होती, पाण्यात जणू काही चाललेलं होतं. वहिनीचे वडील माझ्या समोरच्या बाकावर होते. शंभर किलोला एक चमचाभर कमी नसतील. मी उठायच्या आधीच ते माझ्या जागेवर सरकले आणि गुडघे फाकवून ऐसपैस बसले. मी धक्क्यावर पाय ठेवला तशी बोट थोडी वर आली. कुणीही उतरलं तरी येते, नऊ वर्षांची पोर उतरली तरी येते. पण ती नऊ वर्षांची पोरच, माझी भाची, टाळ्या वाजवत ओरडली, "आत्या उतरली आणि बोट वर आली!" आणि सगळे हसले. मीही हसले. हेच मला अजून सहन होत नाही, की मीही हसले.

मोटरच्या शेजारी, बोटीच्या मागच्या अंगाला, निळ्या रंगाची पाटी होती. माणसे ८. माणसांचे वजन ६०० किलो. खाली बारीक अक्षरात तपासनिसाचा क्रमांक. तो क्रमांक माझा. सतरा वर्षं मी याच खात्यात आहे. सहलीच्या बोटींमध्ये किती माणसं बसवायची हे ठरवणं हे माझं काम. आईच्या मते मी "बोटींच्या हापिसात" असते, आणि दादाच्या मते तिथे काही कामच नसतं. बोटीत बोटवाला धरून आम्ही आठ होतो: बोटवाला, आई, दादा, वहिनी, भाची, वहिनीचे आईवडील आणि मी. आठ म्हणजे आठ. मी त्याला पाटीवर बोट ठेवून दाखवू शकले असते. हा आकडा मी लिहिलाय, असं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. जॅकेटचे बंद मला सुटेनात, शेवटी धक्क्यावरच्या एका अनोळखी बाईनं ते सोडून दिले.

बोट निघाली. मी धक्क्याच्या टोकाशी उभी राहिले. पन्नासेक हात गेल्यावर वहिनीनं मोबाइल काढला आणि सगळ्यांना तलावाच्या मधल्या बेटाकडच्या बाजूला बोलावलं, बेट मागे यावं म्हणून. सगळे सरकले. वहिनीचे वडीलही सरकले. बोट कलली. मी नकळत मोजलं. ही माझी खोड आहे, रस्त्यात ट्रक दिसला तरी मी त्याची चाकं किती दबलीत ते बघते. कललेली कड पाण्यापासून चार बोटांवर होती. आठ माणसांची बोट सहा मोठी माणसं आणि एक पोर घेऊन चार बोटांवर येत नाही. हे मला कळलं. कळायला काही वेळ लागला नाही, एका क्षणात, डोळ्यांनीच कळलं. ओरडले असते तर ऐकू गेलं असतं. मी ओरडले नाही. मी बघत राहिले, आणि माझ्या पोटात काहीतरी गार, शांत पसरलं. मनात शब्द नव्हते. शब्द असते तर ते इतकेच असते: जाऊ दे. येऊ दे पाणी. फोटो निघाला, सगळे परत आपापल्या जागी गेले, बोट सरळ झाली आणि बेटाच्या मागे गेली. ती परत येईपर्यंत मी तिथे थांबले नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला आणि बस पकडून घरी आले.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी त्यात एकटी राहते आणि मला ते आवडतं. लोकांना ते खोटं वाटतं. आल्या आल्या मी आरशासमोर गेले नाही, वजनाच्या काट्यावरही चढले नाही. काटा माझ्याकडे नाहीच. लहानपणी होता, घरात नाही, कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात. दादा काडीसारखा होता, डॉक्टरांनी त्याचं वजन दर महिन्याला बघायला सांगितलेलं. आई एक तारखेला आम्हा दोघांना दुकानात न्यायची आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं करायची. आधी तो. काटा जरा हलला की आईचा चेहरा उजळायचा, आणि मग महिनाभर दुधावरची साय त्याला. नंतर मी. माझं वजन बघायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मला का चढवायची कोण जाणे. बहुतेक तिला फरक बघायचा असे. दुकानदार एकदा म्हणाला, "वहिनी, हे पोतं कुठे पोचवायचं?" आई खूप हसली. फार कमी हसायची ती, म्हणून मला तिचं हसणं आठवतं: पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी येताना दादानं मला पहिल्यांदा पोतं म्हटलं, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत घरात तेच नाव चाललं. गंमत बघा, पुढे माझा जन्म पोत्यांतच गेला. आमच्या तपासणीत माणसं बसवत नाहीत, वाळूची पोती ठेवतात. माणसं हलतात, हसतात, घाबरून उभी राहतात. पोतं ठेवलं तिथे राहतं.

आणि भांडत नाही. पण हे मला नंतर सुचलं.

सोमवारी मी त्या बोटीची फाइल मागवली. सूड घ्यायचा होता, दुसरं काही नव्हतं. कर्तव्य, लोकांचा जीव वगैरे शब्द मला येतात, अहवालात मी ते नेहमी लिहिते. पण बसमध्ये बसून आणि मग रविवारभर मी जे ठरवलं होतं ते असं: बोट बाहेर काढायची, तपासणी लावायची, त्या बोटवाल्याला भर उन्हात पोती उचलायला लावायची आणि शेवटी सगळ्यांसमोर सांगायचं, की ही बोट आठ माणसांची आहे, त्यातली आठवी मी होते. फाइलमध्ये पहिली तपासणी चार वर्षांपूर्वीची, माझ्या हातची, नीट केलेली. बोट अठरा फुटी, फायबरची, उघडी. त्यानंतर दरवर्षीचं नूतनीकरण. दोनदा मी जाऊन बघितलं होतं. शेवटच्या वेळी गेले नव्हते. मालकानं फोटो पाठवला, मी टेबलावर बसून सही केली. असं सगळेच करतात. फोटो फाइलला लावलेला होता. जवळून काढलेला, पाटी स्वच्छ दिसावी असा. पाटीच्या वर, फोटोच्या कडेला, लोखंडी नळीचा एक तुकडा दिसत होता. तेव्हा मी तो बघितला नव्हता. किंवा बघितला होता आणि नळी म्हणजे नळी असं समजले होते.

बुधवारी आम्ही तलावावर गेलो. मी, आमचा शिपाई आणि पोत्यांचा टेम्पो. मालक धक्क्यावर हजर होता. पांढरे बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "मॅडम, सीझनच्या तोंडावर कशाला? कोणी तक्रार केली का?"

"अचानक तपासणी आहे," मी म्हणाले.

"अहो, पण मुदत आहे अजून पाच महिने!"

"म्हणूनच अचानक."

बोटवाला मागे उभा होता. त्यानं मला ओळखलं. नजर खाली गेली नाही त्याची, ती माझ्यावरच राहिली, आणि मला त्याचा आणखी राग आला. मी म्हणाले, "पोती तुम्ही ठेवा." त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या.

तेव्हा मी बोट पहिल्यांदा बघितली, म्हणजे धंद्याच्या नजरेनं बघितली. शनिवारी मी तिच्यात बसले होते, आणि बसताना माझं सगळं लक्ष आपण किती जागा व्यापतोय याच्यावर होतं. आता दिसलं: वर लोखंडी सांगाडा, त्यावर जाड ताडपत्रीचं छप्पर, खालच्या फळ्या काढून त्या जागी वीतभर उंच गादीचे बाक. सगळा भार वर चढवलेला. उघडी बोट जेवढी बसकी असते तेवढी ही राहिली नव्हती. "हे कधी बसवलंत?" मी विचारलं. मालक म्हणाला, "झालं वर्ष-दीड वर्ष. लोकांना ऊन लागतं ना, मॅडम." वर्ष-दीड वर्ष. माझी टेबलावरची सही सात महिन्यांपूर्वीची.

तपासणी सोपी असते. आधी सगळं वजन मधोमध ठेवून बघायचं. पंचाहत्तर किलोचं एक माणूस, तीस किलोचं एक पोतं. आठ माणसांची वीस पोती. ती नीट बसली, बोट निमूट खाली गेली आणि तरंगत राहिली. मालक हसला. "बघा!" पण लोक मधोमध बसत नाहीत. मासा दिसला, फोटो काढायचा आहे, कुणी हाक मारली, की सगळे एकाच कडेला धावतात. म्हणून दुसरी तपासणी. शंभरातली साठ माणसं एकाच वेळी एका बाजूला आली असं धरायचं, आणि तेवढं वजन त्या कडेला एकेक करून रचायचं. आठ माणसांना बारा पोती. बारावं पोतं ठेवल्यावरही पाणी आत यायला नको.

बोटवाला ठेवत गेला. एक, दोन, तीन. शिपाई मोजत होता, मी पट्टी धरून कडेशी वाकले होते. पाचव्या पोत्याला कड एक वीत उरली. माझी मान दुखायला लागली. मला बोट आठची निघायला हवी होती. इतक्या तीव्रतेनं मला आयुष्यात फार थोड्या गोष्टी हव्याशा वाटल्या असतील. सातवं. आठवं. आठव्याला चार बोटं उरली, आणि शनिवारचं ते गार, शांत काहीतरी पुन्हा पोटात पसरलं. पण या वेळी त्याला वास होता, तळ्यातल्या शेवाळाचा आणि मोटरच्या तेलाचा. "नऊ," शिपाई म्हणाला. पाणी कडेला टेकून मागे गेलं. बोटवाल्यानं दहावं पोतं उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. पोतं ठेवलं तसं पाणी आवाज न करता आत आलं. मला वाटलं होतं धबकन येईल. ते कडेवरून नुसतं ओघळलं, भरलेल्या बादलीतून ओघळतं तसं, आणि गादीखाली पसरलं.

नऊ पोत्यांची बोट म्हणजे सहा माणसांची बोट. शनिवारी ती सात जणांना घेऊन गेली होती.

मालक फोनवर कुणाशी तरी ओरडत लांब गेला. शिपाई पोती उतरवायला मदत आणायला गेला. धक्क्यावर मी आणि बोटवाला उरलो. तो लोखंडी खांबाला टेकून उभा होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"ताई, मी मालकाला वर्षभर सांगतोय," तो म्हणाला. "छप्पर लागल्यापासून ती डुलते. आठ घेतले की वळताना माझ्या हाताला कळतं. ते म्हणतात, पाटीवर आठ लिहिलंय, सरकारनं लिहिलंय, तू शहाणा का?"

"मग तुम्ही काय करता?"

"एक माणूस कमी करतो. काहीतरी सांगून."

"वजन होतंय म्हणून?"

"वजन म्हणतो, कधी जॅकेट कमी आहे म्हणतो."

विचारल्याशिवाय मला राहवेना. "माझ्या समोर ते गृहस्थ बसले होते. ते माझ्यापेक्षा कितीतरी जड. त्यांना का नाही उतरवलं?"

त्यानं शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. मला वाटतं, त्याला मला दुखवायचं नव्हतं, आणि खोटंही बोलायचं नव्हतं. "ते उतरले नसते, ताई. आरडाओरडा केला असता, पैसे मागितले असते, मालकाला बोलावलं असतं. मला चढतानाच कळतं कोण भांडणार आणि कोण नाही ते. तुम्ही भांडणार नव्हतात. आणि तुमच्या माणसांपैकीही कुणी तुमच्यासाठी भांडणार नव्हतं." मग घाईघाईनं म्हणाला, "हे माझ्या तोंडचं म्हणून लिहू नका हं कुठे. पाटी चुकलीय हे मी म्हटलं असं कळलं तर काम जाईल."

वजनाचं दुःख मी चाळीस वर्षं सांभाळलं आहे. मला त्याचे कानेकोपरे माहीत आहेत, त्याच्यावर कुठे हात ठेवला की कमी दुखतं तेही. हे नवीन होतं. एका परक्या माणसानं, बोटीत चढताना पाय कसा टाकला, एवढ्यावरून आमचं अख्खं घर वाचून काढलं होतं.

मी अहवालात त्याचं सगळं लिहिलं. बोटचालकाच्या म्हणण्यानुसार, छप्पर बसवल्यापासून, मालकास वारंवार सांगूनही. माझंही लिहिलं: शेवटचं नूतनीकरण प्रत्यक्ष न पाहता केले. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा काढला. "हे कशाला? छप्पर नंतर बसवलं असं लिहा. कोण बघतंय?"

"आधी बसवलं होतं."

"तुम्हीच अडकाल."

"हो."

"आणि हे काय, शनिवारी सात जणांसह बोट धोकादायक कलल्याचे प्रत्यक्ष पाहिले. कोणी पाहिलं?"

"मी. धक्क्यावर होते."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सहज विचारलं, "मग थांबवलं का नाहीत?"

पंखा फिरत होता. टेबलाच्या काचेखाली त्यांच्या नातवाचा फोटो होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. "तेव्हा लक्षात आलं नाही," असं मी म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली. आठ दिवसांनी नवी पाटी लागली, सहाची. छप्पर निघेपर्यंत बोट बंद. मला लेखी ताकीद मिळाली. बोटवाल्याला मालकानं काढून टाकलं. हे मला शिपायानं सांगितलं, चहाचा कप ठेवता ठेवता. मला वाईट वाटायला हवं होतं. त्या दिवशी वाटलं नाही. त्यानं मला वाचलं होतं, आणि मी त्याला लिहून टाकलं होतं, असं काहीसं मनात आलं आणि बरंही वाटलं. तीन दिवसांनी भाजी चिरताना एकदम वाटलं, इतकं की सुरी ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तलावावरच्या एका ओळखीच्या ठेकेदाराला फोन करून मी बोटवाल्यासाठी शब्द टाकला. ठेकेदार म्हणाला, बघतो. अजून बघतोच आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी दादाकडे गेले. सांगायलाच गेले होते. दुपारची वेळ, जेवणं होऊन सगळे बैठकीच्या खोलीत पसरलेले. वहिनीचे आईवडीलही होते. भाची माझ्याजवळ सोफ्यावर येऊन बसली आणि माझ्या दंडावर डोकं टेकून चित्र काढायला लागली. तिला माझा दंड आवडतो, उशीसारखा लागतो म्हणते. मी सांगितलं. छप्पर, पोती, नऊ, सहा. दादा कान देऊन ऐकत होता, मी त्याला इतकं ऐकताना कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे आम्ही सात होतो तेच जास्त होते?"

"हो."

"आणि तू असतीस तर आठ!" त्यानं मांडीवर थाप मारली. "बघ! बरं झालं की नाही तू उतरलीस? उगाच तोंड फुगवून घरी गेलीस."

वहिनीचे वडील खो खो हसले. वहिनी हसली. आईनं पदर तोंडाला लावला. वेळ अशी होती, की आता मीही हसायचं होतं. सगळे त्यासाठी थांबलेही होते, एखाद्या गाण्यात आपली ओळ यावी तसे.

"फोटो काढताना तुम्ही सगळे एका बाजूला गेलात," मी म्हणाले. "बोट कलली. कड पाण्यापासून चार बोटांवर आली होती. ते मला तेव्हाच दिसलं. मला कळलं की ती उलटू शकते. मी ओरडू शकत होते. मी ओरडले नाही. मला वाटलं, उलटू दे."

वहिनीच्या आईनं विणकामाचा एक टाका घातला, तेवढाच आवाज झाला. दादाचा हात मांडीवर तसाच राहिला होता.

"काहीतरी बोलतेस," आई म्हणाली.

"काहीतरी नाही. खरं बोलतेय."

"असं म्हणू नये."

"म्हणत नव्हतेच. आज म्हणाले."

दादा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "त्यात माझी पोरगी होती," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता त्याचा, काट्यावर उभं राहायच्या वयाचा.

"माहीत आहे."

"तुला लाज वाटत नाही?"

"वाटते," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. पण लाजेच्या खाली दुसरंही काही होतं, ते मी त्याला सांगितलं नाही: मला उठून जावंसं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांत या खोलीत पहिल्यांदाच मला माझी जागा पूर्ण भरून बसल्यासारखं वाटत होतं.

"इकडे ये गं," वहिनी म्हणाली. मला नाही, पोरीला.

भाचीनं माझ्याकडे बघितलं. तिचा गाल माझ्या दंडावरून सुटला तेव्हा तिथे ओलसर, गरम ठसा राहिला. ती चित्राची वही आणि रंग गोळा करून आईकडे गेली. वहिनीनं तिला मांडीजवळ ओढलं. दादा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. आई माझ्या बाजूच्या खुर्चीत होती. तीही हळूच उठली, खुर्चीची पाठ धरत धरत, आणि पलीकडे वहिनीच्या आईशेजारी जाऊन टेकली. खोलीच्या या अंगाला सोफा होता आणि सोफ्यावर मी.

"चहा टाकू का?" वहिनीनं कुणालाच न बघता विचारलं.

"टाका," मी म्हणाले. "मला साखर दोन चमचे."